आधी माइक, मग पडदा

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीच्या भोवती ज्या वस्त्या आहेत, तिथल्या एखाद्या मराठी शाळेत मधल्या सुट्टीत कान देऊन उभे राहिलात, तर मराठीबरोबर हिंदी, भोजपुरी, कन्नड, दखनी असे बरेच काही ऐकू येईल. फाउंड्र्यांत, वर्कशॉपांत, शीतगृहांत कामाला आलेल्या कुटुंबांची ही मुले. घंटा झाली की हे बोलणे थांबते. फळ्यावरचे मराठी ही मुले सुबक अक्षरात उतरवून घेतात, शब्दार्थ पाठ करतात, चाचणीत बरे गुणही आणतात. पण ‘काल का आला नाहीस रे?’ एवढे विचारले की शेजारच्याकडे बघतात. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांची इंग्रजीच्या तासाला हीच गत होते. धडा वाचता येतो, पण तोच धडा दुसऱ्या कुणी वाचून दाखवला की कळत नाही.

यात मुलांचा दोष नाही आणि शिक्षकांचाही फारसा नाही. हिशेब करून पाहा. वर्गात चाळीस मुले आणि तास पस्तीस मिनिटांचा. शिक्षकाने तोंड मिटून घेतले आणि हजेरीतही वेळ घालवला नाही, तरी एका मुलाच्या वाट्याला बोलण्यासाठी बावन्न सेकंद येतात. प्रत्यक्षात पाच-सहा धीट मुले ते सगळे वापरून टाकतात. बाकीची मुले महिनोन्महिने एक अख्खे वाक्यही स्वतःहून बोलत नाहीत. वाचन-लेखनात चाळीस मुले एकाच वेळी काम करू शकतात, बोलण्यात करू शकत नाहीत. संगणकाने सोडवायची अडचण ही आहे. तो वर्गात आणायचा तर प्रत्येक मुलाला आपापला कान आणि आपापली पाळी मिळावी म्हणून आणा. चित्रे मोठी दिसावीत एवढ्यासाठी तो आणण्यात फारसा अर्थ नाही.

गेल्या काही वर्षांत शाळाशाळांतून ‘डिजिटल वर्ग’ झाले. लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले, काही ठिकाणी भिंतीवर मोठे पॅनेल आले. या वर्गांत बहुतेक वेळा काय चालते, तर कवितेचा व्हिडिओ लागतो, मुले सुरात सूर मिसळतात आणि तास आनंदात जातो. त्याला माझी हरकत नाही. पण समूहात म्हटलेल्या कवितेत न बोलणारे मूल सहज लपते. शिवाय चित्र हलत असले की डोळा पुढे धावतो आणि कान मागे राहतो. कोल्हा विहिरीत पडलेला दिसला, म्हणजे ‘पडला’ हा शब्द ऐकला नाही तरी चालते! म्हणून शाळेकडे थोडेच पैसे असतील, तर माझा सल्ला आहे की आधी माइक आणि हेडफोन घ्या, पडदा नंतर.

याचे सर्वांत जवळचे आणि गाजलेले उदाहरण शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी गेले, तेव्हा मुलांच्या घरची भाषा कन्नड आणि पुस्तके दुसऱ्या भाषेत अशी स्थिती होती. ते स्वतः कन्नड शिकले, पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि त्यामागे कवितांचे ध्वनी व पाठांचे व्हिडिओ ठेवले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही क्यूआर कोड आले आणि २०२० मध्ये डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. कौतुक क्यूआर कोडचेच जास्त झाले. मला त्यातली पहिली गोष्ट मोठी वाटते, शिक्षक आधी मुलांची भाषा ऐकायला शिकला. कुपवाडच्या शिक्षकाने भोजपुरी बोलायला शिकावे असे मी म्हणत नाही, पण त्या भाषेत कोणता ध्वनी नाही एवढे जरी माहीत असले, तरी रेकॉर्डिंग कशाचे करायचे ते आपोआप ठरते.

दुसरा धडा रेडिओचा आहे, आणि तो आता विसरला गेला आहे. १९८०च्या दशकात केनियात रेडिओवरून इंग्रजी शिकवण्याचा एक प्रकल्प झाला. आपल्याकडे पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने ‘वुई लर्न इंग्लिश’ ही मालिका काढली. अशा संवादी रेडिओपाठांची गंमत ही की निवेदक प्रश्न विचारतो आणि थांबतो. त्या थांब्यात वर्गाने मोठ्याने उत्तर द्यायचे, मग रेडिओवर बरोबर उत्तर येते. यंत्र अगदी साधे, पण पाठ रचणाऱ्याने मुलांच्या बोलण्याला जागा सोडलेली. आजचे पुष्कळसे महागडे व्हिडिओ ही जागा सोडत नाहीत.

ती जागा तुम्ही स्वतः घालू शकता. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम जुन्या लॅपटॉपवरही चालतो. त्यात तुमच्याच आवाजात पाचवीचा एखादा संवाद रेकॉर्ड करा. प्रत्येक वाक्यानंतर कर्सर ठेवा आणि जनरेट मेनूतून सायलेन्स घाला. किती सेकंदांचा? ते वाक्य मुलाला एकदा म्हणायला जेवढा वेळ लागेल, त्याहून थोडा जास्त. एवढ्यावर तुमचा संवादी पाठ तयार होतो. पुष्कळ शिक्षक यासाठी आवाजाचा वेग कमी करतात. मी तसे करू नका म्हणेन. वेग पाऊणपटीच्या खाली गेला की शब्द रबरासारखे ताणले जातात, त्यांचा नैसर्गिक आघात जातो आणि बाहेरच्या जगात त्या वेगाने कोणी बोलत नाही. वेग खरा ठेवा, वाक्यांमधला अवकाश वाढवा. एखाद्या अवघड वाक्यापुरता वेग कमी करायचाच असेल, तर व्हीएलसी प्लेअरमध्ये चौकटी कंसाच्या दोन कळांनी तो थोडा थोडा कमी-जास्त होतो आणि आवाज घोगरा होत नाही. त्याच प्लेअरमध्ये व्ह्यू मेनूतून ॲडव्हान्स्ड कंट्रोल्स चालू केले की एक बटण मिळते. त्याने वाक्याची सुरुवात आणि शेवट ठरवला की तेवढेच वाक्य पुन्हा पुन्हा वाजत राहते. मूल ‘परत’ म्हणायला लाजते, पण बटण दाबायला लाजत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेला आवाज मात्र दीडपट, दुप्पट करता येतो, सावकाश करता येत नाही, हे लक्षात असू द्या.

सामान फार लागत नाही. एक चालू लॅपटॉप, माइक असलेले दोन-चार वायरचे हेडफोन, एका भोकात दोन हेडफोन बसवणारा स्प्लिटर. ब्लूटूथच्या भानगडीत पडू नका, निम्मा तास जोडण्यात जातो. खरी अडचण गोंगाटाची असते. रस्त्यावरून ट्रक जातात, शेजारच्या वर्गात पाढे चालू असतात. माइक तोंडापासून चार बोटांवर, किंचित बाजूला धरला की निम्मे काम होते. पुस्तकांच्या कपाटांची किंवा खेळाच्या साहित्याची खोली असेल तर तिथे सतरंजी टाका. रिकाम्या खोलीपेक्षा सामानाने भरलेल्या खोलीत आवाज कमी घुमतो. लॅपटॉप नसेल तर शिक्षकाच्या मोबाइलमधला रेकॉर्डरही चालेल. एक बारीकशी गोष्ट सांगतो. एका मिनिटाची साधी वेव्ह फाइल पाच एमबीच्या वर जाते, तीच एमपी३ स्वरूपात ६४ केबीपीएसवर साठवली तर अर्ध्या एमबीत बसते. पालकांच्या मोबाइलमधला डेटा संपवायचा नसेल तर दुसरी पाठवा.

आता ऐकवायचे काय? पाठ्यपुस्तक तर आहेच, पण त्यावर थांबू नका. शिपाईमामा, शाळेत खिचडी करणाऱ्या मावशी, कोपऱ्यावरचे दुकानदार, एखादी आजी यांची एकेका मिनिटाची बोलणी त्यांना विचारून रेकॉर्ड करा. ‘लई’, ‘व्हय’, ‘काय करालाय?’ हे सगळे त्यात येऊ द्या. मुलाला रेशन दुकानात आणि दवाखान्यात हेच मराठी ऐकायचे आहे, बहुतेकदा आईवडिलांसाठी दुभाष्या होऊन. त्याला फक्त पुस्तकी मराठी ऐकवणे म्हणजे निम्मेच शिकवणे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण केले आहे. राज्यभरातल्या गावोगावच्या माणसांची बोलणी त्यांच्या संकेतस्थळावर लिखित रूपासह ऐकायला मिळतात. सातवी-आठवीसाठी ती सोन्यासारखी आहेत. लहानांसाठी प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर पाहा. तिथे कित्येक गोष्टी मराठीतही आहेत आणि कन्नड, हिंदीतही. त्यांचा परवाना खुला असल्याने लेखक-चित्रकारांचे नाव देऊन त्या आपल्या आवाजात रेकॉर्ड करायला हरकत नसते. कन्नड घरातल्या मुलाने तीच गोष्ट आधी कन्नडमध्ये ऐकली आणि मग मराठीत, तर कथानक कळण्याचा भार उतरतो आणि कान फक्त भाषेवर राहतो. कन्नड आवाज कोण देणार? एखादी आई देईल. वर्षात एकदाही शाळेत न आलेली आई या निमित्ताने येते, हा आणखी एक फायदा.

ऐकवण्याची पद्धत साधी ठेवा. पहिल्या ऐकण्याला पुस्तक बंद आणि हातात पेन नाही. फक्त एक प्रश्न आधीच सांगून ठेवायचा, ‘कोण कोणाशी बोलतंय?’ दुसऱ्या ऐकण्याला काहीतरी करायला द्या. कुपवाडहून विश्रामबागला कसे जायचे हे कुणीतरी सांगते आहे, मुलाने कोऱ्या नकाशावर बोट फिरवायचे किंवा रेघ ओढायची. रेघ विजयनगरकडे वळली की नाही, एवढ्यावरून समजले की नाही ते कळते. त्यासाठी मुलाला एक शब्दही लिहावा लागत नाही. लिहिलेला मजकूर दाखवायचा तो तिसऱ्या वेळी. पुष्कळ ठिकाणी उलटे होते. आधी मजकूर वाचून घेतात, मग आवाज लावतात. मग ते ऐकणे राहत नाही, डोळ्यांनी वाचलेल्याची पडताळणी होते.

ध्वनींच्या बाबतीत थोडे खोलात जायला हवे. हिंदी-भोजपुरी घरातल्या मुलाला ‘ळ’ म्हणता येत नाही असे आपण म्हणतो. बहुतेकदा त्याला तो आधी ऐकूच येत नसतो, त्याच्या कानाला तो ‘ल’च वाटतो. म्हणून म्हणायला लावण्याआधी ओळखायला लावा. ‘मला-मळा’, ‘काल-काळ’, ‘वेल-वेळ’, ‘मन-मण’ अशा जोड्या दोन-तीन वेगवेगळ्या आवाजांत रेकॉर्ड करा. मुलाने ऐकून दोनांपैकी एका चित्रावर बोट ठेवायचे. दहांत नऊ वेळा बरोबर यायला लागले की मग माइक हातात द्या. वेगवेगळे आवाज महत्त्वाचे आहेत. एकाच बाईंचा आवाज ऐकून शिकलेले मूल त्या बाईंचाच ‘ळ’ ओळखते.

‘च’, ‘ज’ आणि ‘झ’ ही तर आपली खास अडचण आहे. ‘चार’मधला च वेगळा, ‘चारा’मधला वेगळा. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतले दोन झ वेगळे. अक्षर एकच असल्याने पुस्तक इथे मुलाला काहीच मदत करत नाही. फक्त ऐकलेला आवाज करतो. इंग्रजीत आपल्या मुलांचे असेच ‘शिप’ आणि ‘शीप’चे होते, किंवा व्ही आणि डब्ल्यूचे. तिथे शब्दातला आघात अधिक महत्त्वाचा. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर पडतो आणि ‘फोटोग्राफी’त दुसऱ्यावर. हे नियम सांगून नव्हे, वीस वेळा ऐकून बसते.

बोलण्याच्या सरावात यंत्राचा सर्वांत चांगला उपयोग मला असा वाटतो. मुलाला एक चित्र द्या आणि त्याबद्दल तीस सेकंद बोलायला सांगा. त्याने ते तीनदा रेकॉर्ड करायचे, तिन्ही स्वतः ऐकायचे आणि त्यांतले एकच तुमच्याकडे द्यायचे. कोणते द्यायचे हे ठरवताना ते मूल स्वतःचे बोलणे ज्या बारकाईने ऐकते, तितक्या बारकाईने आपण सांगितलेली दुरुस्ती कधीच ऐकत नाही. नाकारलेली दोन रेकॉर्डिंगे त्याच्यासमोरच पुसून टाका. चूक कुणाच्या हाती लागत नाही हे कळले की तोंड उघडते. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकून मुले हसतात, लाजतात, ‘हा माझा नाहीच’ म्हणतात. पहिला आठवडा त्यातच जातो. जाऊ द्या.

मोठ्या मुलांसाठी न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांनी रूढ केलेला एक सराव आहे. एकच गोष्ट आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन मिनिटांत, दर वेळी नव्या श्रोत्याला सांगायची. आपल्या आठवीच्या मुलांना दीड मिनिट, एक मिनिट, चाळीस सेकंद पुरेत. संगणकावर घड्याळ लावा आणि पहिले व शेवटचे बोलणे रेकॉर्ड करा. दोन्ही लागोपाठ ऐकवले की अडखळणे कुठे कमी झाले ते मुलालाच ऐकू येते. आणि हो, दोन मुलांत एकच हेडफोन असेल तर ती तक्रार समजू नका. एकाने रेकॉर्ड करायचे, दुसऱ्याने ऐकून चित्र काढायचे. चित्र चुकले तर सांगण्यात काय राहिले हे दोघेच शोधतात.

आवाज ओळखणाऱ्या तंत्रज्ञानाबद्दल आता सगळीकडे उत्साह आहे. गुगलने २०१७ मध्ये मराठीत बोलून टाइप करण्याची सोय आणली. २०२०मध्ये रीड अलाँग हे मुलांचे वाचन ऐकणारे ॲप मराठीसह आले. केंद्र सरकारचा भाषिणी प्रकल्प २०२२ पासून भारतीय भाषांच्या ध्वनितंत्रावर काम करतो आहे. हे सगळे वापरा, पण परीक्षक म्हणून नको. असे तंत्र संदर्भावरून अंदाज बांधते. ‘आम्ही मल्यात गेलो’ असे मूल म्हणाले तरी पडद्यावर ‘मळ्यात’ उमटू शकते. मूल खूश होते आणि चूक पक्की होते. तपासायचेच असेल तर वाक्य न देता एकटा शब्द बोलायला लावा. उलटही होते. लहान मुलांचा बारीक आवाज, सांगलीकडचा हेल आणि मागे वाजणारा भोंगा यांमुळे बरोबर बोललेलेही चुकीचे लिहिले जाते. मुलाला सांगून ठेवा की चुकले ते यंत्राचे.

लिहिलेले वाचून दाखवणारा यांत्रिक आवाजही तयारीला बरा आहे. पण वर वर्णन केलेले दोन ‘च’ लिपीत दिसत नाहीत, तेव्हा तिथे यंत्र अंदाजाने बोलते. वर्गात लावण्याआधी तुम्ही स्वतः पूर्ण ऐका. चॅटबॉटकडून संवाद लिहून घेतलात तर त्यातले ‘आपण कसे आहात?’ काढून ‘काय, बरं आहे ना?’ करा. कुपवाडात कोणी दुकानदाराला ‘आपण कसे आहात’ म्हणत नाही. हे चॅटबॉट थेट लहान मुलांच्या हाती मात्र देऊ नका. चॅटजीपीटीच्याच अटींत तेराखालील मुलांना मज्जाव आहे आणि अठराखालच्यांना पालकांची परवानगी लागते.

मुलांच्या आवाजाबद्दलही सावध राहायला हवे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक केली आहे. वर्षाच्या सुरुवातीच्या पालकसभेत कागदावर संमती घ्या. पालकांना ज्या भाषेत कळते त्या भाषेत समजावून घ्या. रेकॉर्डिंग वर्गाच्या संगणकात ठेवा, व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नका. एखाद्या मुलाचे अडखळणे चाळीस घरांत ऐकले गेले की ते मूल पुन्हा माइकजवळ येणार नाही.

राहता राहिला शिक्षकाचा वेळ. चाळीस मुलांचे एकेक मिनिट ऐकायचे म्हणजे चाळीस मिनिटे, शेरे वेगळे. रोज हे कोणालाच जमणार नाही आणि जमवायची गरजही नाही. आठवड्याला दहाच ऐका, महिन्यात सगळी मुले होतात. प्रत्येकाला दोनच गोष्टी सांगा, तुझे कुठपर्यंत समजले आणि कोणता एक ध्वनी पुढच्या महिन्यात पाहायचा. व्याकरणाच्या सात चुका लाल शाईने दाखवायची सवय इथे सोडायला हवी. प्रत्येक मुलाचे जूनचे एक रेकॉर्डिंग तेवढे जपून ठेवा आणि मार्चमध्ये त्याच चित्राबद्दल पुन्हा बोलायला सांगा. गुणपत्रकात न दिसणारी प्रगती पालकांना या दोन मिनिटांत ऐकवता येते, मग ते स्वतः मराठी वाचू शकत असोत वा नसोत.

हे सगळे एकदम सुरू करू नका. प्रोजेक्टरची वाट पाहू नका, वरून परिपत्रक येण्याचीही नको. येत्या आठवड्यात वर्गातली जी पाच मुले सर्वांत कमी बोलतात, त्यांची नावे काढा, मोबाइलचा रेकॉर्डर उघडा आणि मधल्या सुट्टीनंतरची दहा मिनिटे फक्त त्यांना द्या.